घरी बांधलेल्या इलेक्ट्रॉनिक्स किटची किंमत कशी ठरवावी

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीतून सुटे भाग आणायचे, स्वतः आखलेल्या सर्किटची पीसीबी, म्हणजे भाग बसवायची छापील पाटी, करून घ्यायची, भाग मोजून पिशव्यांत भरायचे आणि ते किट आपल्यासारख्याच हौशी लोकांना विकायचे, असा उद्योग करणारे लोक आपल्याकडे कमी नाहीत. कोणी हॅम रेडिओवाल्यांसाठी, म्हणजे हौसेने रेडिओ संपर्क करणाऱ्यांसाठी, किट करतो, कोणी गिटारवाल्यांसाठी इफेक्ट पेडल करतो, तर कोणी शाळकरी मुलांसाठी लहानसहान प्रयोग तयार करतो. या मंडळींचे सर्किट सहसा चालते, हिशेब मात्र सहसा चुकतो, कारण सर्किट तपासायला मल्टिमीटर असतो आणि हिशेब तपासायला कोणी बसतच नाही.

माझे पहिले किट मोर्स सरावाच्या ऑसिलेटरचे, म्हणजे मोर्स लिपीचे सूर काढणाऱ्या लहान यंत्राचे, होते. १९७२पासून बाजारात असलेली ५५५ ही आयसी (चिप), दोन पॉट (फिरवून कमी-जास्त करता येणारे रेझिस्टर), एक लहान स्पीकर आणि मोर्स की (संकेत देण्याची कळ) जोडण्यासाठी एक सॉकेट, एवढाच त्याचा पसारा होता. सुट्या भागांचा खर्च १६४ रुपये निघाला, म्हणून मी अडीचशे रुपये किंमत लावली आणि एका किटमागे ८६ रुपये सुटतील असे समजून खूश झालो. पन्नासच्या पन्नास किट विकली गेली. नंतर एका रविवारी सगळ्या पावत्या समोर घेऊन बसलो तेव्हा लक्षात आले, की जमा झाले १२,५०० आणि गेले १५,६००, म्हणजे ३,१०० रुपये पदरचे गेले होते आणि कित्येक संध्याकाळींचा तर हिशेबच नव्हता. दरम्यान काही भागांचे भाव चढले होते आणि पीसीबीवरची एक चूक सुधारून घ्यायची होती, त्यामुळे लोक विचारत असूनही दुसरी बॅच काढण्याचा धीर झाला नाही.

तेव्हापासून किंमत तपासण्याची माझी एकच कसोटी आहे. या बॅचची विक्री संपल्यावर, पदरचे पैसे न घालता आणि मनावर दगड न ठेवता, मला पुढची बॅच काढता येईल का? किट स्वस्त विकून एकदाच पन्नास जणांचे भले करणारा माणूस समूहाला फारसा उपयोगी पडत नाही, कारण एकावन्नाव्या माणसाला किट मिळत नाही आणि पहिल्या पन्नासांपैकी कोणाचा एखादा भाग बिघडला तर तो पुरवायला कोणी उरत नाही. पुढे ज्या पायऱ्या सांगितल्या आहेत, त्यांत याच ऑसिलेटरचे आकडे उदाहरण म्हणून घेतले आहेत. तुमचे आकडे वेगळे असतील, मांडणी मात्र हीच राहील.

एक मर्यादा आधीच सांगितली पाहिजे. रेडिओ लहरी प्रसारित करणारे यंत्र, म्हणजे ट्रान्समीटर किंवा (संदेश पाठवणारा आणि घेणारा) ट्रान्सीव्हर, विकायचा असेल तर किमतीच्या आधी परवान्याचा प्रश्न येतो आणि त्यासाठी दूरसंचार विभागाचे नियम पाहणे भाग आहे. हा लेख सराव ऑसिलेटर, ऑडिओ फिल्टर, वीजपुरवठा, मापनयंत्रे अशा प्रसारण न करणाऱ्या किटपुरता आहे.

पहिली पायरी: भागांची यादी, पण खरेदीच्या भावाने

सुरुवात भागांच्या यादीपासून होते आणि पहिली चूकही तिथेच होते. यादीतील प्रत्येक भागापुढे तुम्ही प्रत्यक्ष जेवढ्या नगांची खरेदी करणार आहात त्या नगांचा भाव लिहावा. हजार नगांचा भाव पाहून हरखून जायचे आणि खरेदी मात्र पन्नास नगांची करायची, असे करू नये. माझ्या ऑसिलेटरची यादी पन्नास किटसाठी अशी होती: पीसीबी ३८ रुपये, आयसी आणि तिचा बेस १२, रेझिस्टर, कपॅसिटर आणि एलईडी मिळून १०, नॉबसह दोन पॉट ३६, स्पीकर ३४, सॉकेट ८, बॅटरी क्लिप ६, स्विच ६ आणि वायर, स्क्रू, स्पेसर मिळून १४. एकूण १६४.

या यादीत सर्वांत स्वस्त दिसणारी ओळ, म्हणजे रेझिस्टरची, फसवी असते. रेझिस्टर शंभराच्या पट्टीत घेतले तर एक नग काही पैशांना पडतो. पण तुमच्या सर्किटमध्ये सहा वेगवेगळ्या मूल्यांचे एकेक रेझिस्टर असतील, तर पन्नास किटसाठी सहा पट्ट्या घ्याव्या लागतात आणि प्रत्येक पट्टीतील निम्मे नग डब्यात पडून राहतात. उरलेला माल दुसऱ्या एखाद्या ठरलेल्या किटमध्ये नक्की वापरला जाणार असेल तरच तो खर्चातून वजा करावा, नाहीतर तो याच बॅचच्या डोक्यावर टाकावा. ‘कधीतरी लागतीलच’ या समजुतीवर माझ्या घरातील दोन कपाटे भरली आहेत.

म्हणूनच किमतीचा विचार आरेखनापासून सुरू करावा. जिथे ४.७ के, ६.८ के आणि १० के (के म्हणजे हजार ओहम) अशी तीन मूल्ये वापरली आहेत, तिथे सर्किटच्या वागण्यात फरक पडत नसेल तर तिन्ही जागी १० के घालावे. त्यामुळे पन्नास किटमागे एका पट्टीची खरेदी वाचते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पिशव्या भरताना दोन प्रकार कमी मोजावे लागतात आणि चुकीचा रेझिस्टर चुकीच्या पिशवीत जाण्याची शक्यता घटते. एकेक मूल्य कमी केल्याने पैशांत फार फरक पडत नाही, वेळेत मात्र चांगलाच पडतो. हैदराबादचे अशर फरहान यांनी २००३मध्ये मांडलेला बिटएक्स हा ट्रान्सीव्हर जगभरच्या हॅम मंडळींनी बांधला, त्यामागचे एक मोठे कारण हेच होते, की त्याचे आरेखन साध्या आणि सहज मिळणाऱ्या भागांभोवती केलेले होते.

पीसीबीच्या बाबतीत नग आणि भाव यांचे नाते फार तीव्र असते. परदेशी कारखाने पाच नगांपासून पीसीबी करून देतात आणि त्या पाच नगांची किंमत पाहून कोणालाही मोह होतो. पण त्यावर कुरियर, सीमाशुल्क आणि आयजीएसटी (आयात मालावरचा जीएसटी) लागला की चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला अशी गत होते. पन्नास नगांना हाच मसाला वाटला जातो. म्हणून पीसीबीचा भाव घरपोच पडलेल्या एकूण खर्चाला नगांनी भागून लिहावा आणि तो काढताना संकेतस्थळावर दिसणारी किंमत विसरून जावी.

स्वस्त भागांबद्दल एक शब्द. नकली किंवा नव्याने शिक्का मारलेल्या आयसी आणि ट्रान्झिस्टरचा आपल्याकडे सुळसुळाट आहे. २एससी१९६९ या ट्रान्झिस्टरच्या नकली मालाने किती हॅम मंडळींना मनस्ताप दिला हे त्यांनाच विचारावे. दोन रुपये वाचवून घेतलेला भाग ग्राहकाच्या टेबलावर बंद पडला, तर त्याच्या बदली भागाला टपालखर्च धरून पन्नास रुपये सहज लागतात आणि फोनवरचा अर्धा तास वेगळा. खात्रीच्या दुकानाचा थोडा चढा भाव यादीत लिहावा आणि विषय संपवावा.

दुसरी पायरी: यादीत न दिसणारा खर्च

भाग मोजताना गहाळ होणारे, पाय वाकलेले आणि पहिल्यापासूनच सदोष निघणारे नग गृहीत धरून भागांच्या खर्चावर पाच टक्के चढवावेत. आपल्या उदाहरणात ते ८ रुपये होतात आणि आकडा १७२ वर जातो. भाग घरी आणण्याचा खर्च, म्हणजे कुरियर, रेल्वेचे तिकीट आणि दुकानदाराने लावलेला पॅकिंगचा आकार, या बॅचला ९०० रुपये होता. तो किटमागे १८ रुपये पडतो. आता १९०. त्यानंतर झिप पिशव्या, आयसीसाठी अँटिस्टॅटिक पिशवी, लेबल, छापील सूचनापत्रक आणि पार्सलचे खोके यांचे मिळून २८ रुपये धरले की २१८ होतात.

सूचनापत्रकावर काटकसर करण्याचा मोह टाळावा. ज्या बॅचमध्ये मी रेझिस्टरच्या रंगपट्ट्यांचा तक्ता आणि एलईडीच्या लांब पायाचे चित्र छापले, त्या बॅचनंतर मला येणारे फोन स्पष्टपणे कमी झाले. छपाईचे तीन रुपये आणि फोनवरची दहा मिनिटे यांपैकी काय महाग आहे हे चौथ्या पायरीत दिसेलच.

तिसरी पायरी: फसलेल्या प्रयोगांचे पैसे

विक्रीला आलेल्या पीसीबीच्या आधी दोन-तीन पीसीबी कचऱ्यात गेलेल्या असतात. एकीत सॉकेटचे छिद्र लहान पडलेले असते, दुसरीत आयसीचे पाय उलटे मोजलेले असतात. या उमेदवारीचा खर्च छंदाच्या खात्यावर टाकून मोकळे व्हावे असे अनेकांना वाटते आणि तुम्हाला ते खरोखर परवडत असेल तर माझी हरकत नाही. मात्र किट विकायचे ठरवल्यावर केवळ विक्रीसाठी केलेले बदल, म्हणजे छापील खुणा, स्क्रूची छिद्रे, नवशिक्याला सोयीचे मोठे पॅड (सोल्डर करायच्या जागा), हे छंदाचे नसतात. माझ्या बाबतीत असा खर्च ४,००० रुपये होता.

हा खर्च किती किटवर वाटायचा, यावर बराच वाद होऊ शकतो. माणूस आशावादी असतो, म्हणून तो दोनशे नगांवर वाटतो आणि किटमागे वीसच रुपये लागले असे समाधान करून घेतो. हातात ज्या बॅचचा माल आहे तेवढ्याच नगांवर हा खर्च वाटावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पन्नास किटवर वाटला तर ८० रुपये पडतात आणि आकडा २९८ होतो. दुसऱ्या बॅचला हे ८० रुपये मोकळे होतात, पण म्हणून किंमत उतरवू नये. भाव चढणे, पीसीबीत सुधारणा करणे आणि एखादा भाग बाजारातून नाहीसा होणे यांसाठी ते लागतातच. २०२१च्या चिप टंचाईत एसटीएम३२सारख्या साध्या मायक्रोकंट्रोलरचे (प्रोग्राम करता येणाऱ्या चिपचे) भाव कित्येक पटींनी चढले, तेव्हा ज्यांच्या किमतीत अशी जागा नव्हती त्यांच्यापुढे किट बंद करणे किंवा किंमत एकदम दुप्पट करणे एवढेच मार्ग उरले.

चौथी पायरी: स्वतःचा वेळ

भीड भिकेची बहीण, ही म्हण या पायरीला तंतोतंत लागू पडते. ओळखीच्या लोकांकडून वेळेचे पैसे कसे घ्यायचे, हा संकोच जवळपास प्रत्येक नवख्या विक्रेत्याला असतो. त्यावर माझा उपाय असा, की वेळ आधी घड्याळ लावून मोजावा आणि मग किती पैसे लावायचे ते ठरवावे. पहिली दहा किट भरताना मी फोनवर स्टॉपवॉच लावले, तेव्हा भाग मोजून पिशवी भरायला १२ मिनिटे, पत्ता लिहून पार्सल टपालात टाकायला ५ मिनिटे आणि नंतरच्या शंका सोडवायला सरासरी ५ मिनिटे लागतात असे दिसले. शंकांचा आकडा सरासरीचा आहे. बहुतेक लोक काहीच विचारत नाहीत आणि एखादा मात्र रात्री साडेदहाला व्हिडिओ कॉल करतो.

अशी २२ मिनिटे तासाला २०० रुपये या दराने ७३ रुपयांची होतात. दर तुम्ही ठरवावा, पण तो शून्य नसावा. पुढे काम वाढून पिशव्या भरायला एखाद्या विद्यार्थ्याला बसवण्याची वेळ आली, तर त्याला फुकट बसवता येणार नाही, आणि त्या दिवशी किंमत वाढवण्यापेक्षा ती आजच बरोबर असलेली बरी. सर्किट आखण्यात गेलेला वेळ मात्र मी किमतीत धरत नाही. तो माझा छंद आहे आणि त्याचे पैसे लावले तर कोणतेही किट विकत घेण्याजोगे राहणार नाही.

इथे एक वेगळा मार्गही विचारात घ्यावा. बिटएक्स ४० हा ट्रान्सीव्हर फरहान यांच्या उपक्रमाने सुट्या भागांच्या पिशवीऐवजी जोडलेल्या आणि तपासलेल्या मुख्य बोर्डाच्या रूपात विकला, आणि ग्राहकाकडे कंट्रोल, सॉकेट आणि खोक्याची जोडणी ठेवली. शंभर प्रकारचे भाग मोजून भरण्यात जितका वेळ आणि जितक्या चुका होतात, त्यापेक्षा सारखेच बोर्ड एकापाठोपाठ एक सोल्डर करणे अनेकदा स्वस्त पडते. तुमच्या किटमध्ये साठ-सत्तर भाग असतील तर हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

पाचवी पायरी: राखीव आणि नफा

टपालात हरवलेले एखादे पार्सल, सोल्डरिंगच्या उष्णतेने जळालेला एलईडी, ‘पिशवीत स्पीकरच नव्हता’ अशी तक्रार, यांसाठी किटमागे १४ रुपये राखीव ठेवावेत. तक्रार खरी की खोटी याची चौकशी न करता भाग पाठवून देण्याची मोकळीक हे चौदा रुपये देतात, आणि ओळखीच्या वर्तुळात त्या मोकळिकीचे मोल मोठे असते. आता एकूण ३८५ रुपये झाले. हा झाला किटचा खरा खर्च.

त्यावर मी २५ टक्के चढवतो. या रकमेला नफा म्हणण्याचा संकोच वाटत असेल तर पुढच्या बॅचचे बियाणे म्हणावे. ३८५ वर ९६ चढले की ४८१ होतात, म्हणून किंमत ४८० रुपये, टपालखर्च वेगळा. लहान किट विकणाऱ्यांमध्ये एक ठोकताळा चालतो, की सुट्या भागांच्या खर्चाची अडीच ते तीन पट किंमत लावावी. १६४ ची तिप्पट ४९२ होते, म्हणजे लांबच्या रस्त्याने आपण जवळपास तिथेच पोहोचलो. हा ठोकताळा ऐकायला अवाजवी वाटतो, पण तो एवढा का लागतो हे आता आकड्यांतच दिसते आहे. भाग महाग आणि मोजकेच असतील, उदाहरणार्थ एक तयार डिस्प्ले आणि एक मॉड्यूल, तर हा ठोकताळा किंमत उगाच फुगवतो आणि तिथे पूर्ण मांडणीच करावी लागते.

सहावी पायरी: पैसे कितव्या किटला परत येतात

सगळ्या आकडेमोडीत ही एक पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते आणि नेमकी तीच बहुतेक लोक गाळतात. विक्री सुरू होण्याआधी तुमच्या खिशातून रोख किती जाते ते पाहा. पन्नास किटचे साहित्य, प्रत्येकी २१८ प्रमाणे, १०,९०० रुपये. त्यात उमेदवारीचे ४,००० मिळवले की १४,९०० रुपये. ४८० रुपयांनी विकले तर बत्तिसाव्या किटला ही रक्कम परत येते. २५० रुपयांनी विकले तर साठाव्या किटला येते आणि माझ्याकडे तर पन्नासच किट होती. म्हणजे सगळा माल संपला तरी नुकसान होणार हे पहिल्या दिवशीच ठरलेले होते, फक्त मला माहीत नव्हते.

आता दुसरा प्रश्न विचारावा: माझ्या समूहात खात्रीचे ग्राहक किती आहेत? ‘छान आहे, मला पण हवे’ असे म्हणणारे शंभर असतात, पैसे पाठवणारे निराळे असतात. माझ्या अनुभवात गटामध्ये हात वर करणाऱ्यांपैकी निम्मेसुद्धा शेवटी घेत नाहीत. खात्रीचे ग्राहक वीस असतील आणि पैसे बत्तिसाव्या किटला परत येत असतील, तर किंमत वाढवण्याआधी बॅच लहान करावी. पंचवीस किटची बॅच काढली तर भागांचा भाव थोडा चढतो, पण अडकलेली रक्कम मोठ्या प्रमाणात कमी होते. पुन्हा सगळी मांडणी पंचवीस नगांसाठी करावी. उमेदवारीचे ४,००० रुपये तेव्हा किटमागे १६० पडतील आणि कदाचित असेही दिसेल, की हे किट विकण्याजोगे नाही. तसे असेल तर पीसीबीची फाइल आणि भागांची यादी मित्रांना मोकळेपणाने देऊन टाकावी. त्यात कमीपणा काहीच नाही.

आगाऊ पैसे घेऊन माल करण्याचा मार्ग सोपा वाटतो, पण नवख्या माणसाने पहिल्या किटसाठी तो घेऊ नये. पीसीबी उशिरा आली, आयसी मिळाली नाही किंवा घरात आजारपण आले, की पैसे दिलेले तीस जण रोज विचारू लागतात. नावनोंदणी जरूर घ्यावी, पैसे मात्र पार्सल बांधून तयार झाल्यावर घ्यावेत.

सातवी पायरी: बाहेरच्या किमतींशी तुलना

ऑनलाइन शोधले तर ५५५ वरची चिनी किट माझ्या किमतीच्या मानाने फारच स्वस्त मिळतात आणि गटातील कोणीतरी त्याची लिंक पाठवतोच. अशा किटशी किमतीत स्पर्धा करू नये. किट बांधणे स्वस्त पडते, हा काळ केव्हाच गेला. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत हीथकिट या कंपनीने किटचा मोठा धंदा उभा केला तो तयार उपकरणे महाग होती म्हणून. यंत्रांनी जोडणी होऊ लागल्यावर तयार उपकरणेच स्वस्त झाली आणि १९९२मध्ये हीथकिटने किटचा व्यवसाय गुंडाळला. आज किट घेणारा माणूस बांधण्याच्या आनंदासाठी, शिकण्यासाठी आणि अडले तर मराठीत विचारता येईल अशा विक्रेत्यासाठी पैसे देतो. तुलना करायचीच असेल तर त्याच प्रकारच्या किटशी करावी. हॅम मंडळींसाठी किट करणाऱ्या क्यूआरपी लॅब्सने २०१७मध्ये क्यूसीएक्स हा मोर्ससाठीचा ट्रान्सीव्हर किटरूपात ४९ डॉलरला आणला, तेव्हा त्याच्या सोबतची तपशीलवार मार्गदर्शिका हाही लोकांच्या कौतुकाचा विषय होता.

तुमचा आकडा इतर हौशी विक्रेत्यांच्या तशाच किटपेक्षा बराच वर गेला तर यादी पुन्हा तपासावी. बराच खाली आला तर ती अधिक काळजीने तपासावी, कारण बहुधा तुम्ही काहीतरी विसरला आहात. शिवाय तुमच्या आतबट्ट्याच्या भावामुळे गटातील दुसरा प्रामाणिक विक्रेता उगाच महाग दिसू लागतो.

आठवी पायरी: ओळखीच्या लोकांशी व्यवहार

सवलतीचा नियम एकदाच ठरवून सर्वांना सांगावा. मी पाच किंवा अधिक किट एकत्र घेणाऱ्या क्लबला आणि महाविद्यालयाला १० टक्के सवलत देतो. ४८० चे ४३२ होतात आणि खर्च ३८५ असल्याने काही बिघडत नाही. एकेका मित्राला कानात वेगळा भाव सांगितला की तो आठवड्यात सगळ्यांना कळतो. पहिली पाच किट मात्र मी केवळ रोख खर्चाला, म्हणजे राखीव धरून ३१२ रुपयांना देतो आणि त्या बदल्यात बांधताना कुठे अडले ते लिहून मागतो. त्यांच्या टिपणांवरून सूचनापत्रक सुधारते.

ज्याला खरोखर मदत करायची आहे, त्याला सवलत देण्यापेक्षा किट भेट द्यावे आणि वहीत तसे लिहावे. हॅमफेस्टच्या, म्हणजे हॅम मंडळींच्या मेळाव्याच्या, टेबलावर घासाघीस होते, तिथेही भाव मोडू नये. फार तर एखादी मोर्स की जोडायची वायर किंवा जास्तीचे सॉकेट वर द्यावे.

सर्किट मूळ दुसऱ्याचे असेल तर त्याचा परवाना वाचावा. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या अव्यावसायिक परवान्याखाली प्रसिद्ध केलेले आरेखन विकायचे असेल तर मूळ कर्त्याची परवानगी लागते आणि तुमची किंमत खर्चाइतकीच असल्याचे सांगून ती टाळण्याच्या भरीस पडू नये. सर्न या युरोपीय संशोधन संस्थेचा मुक्त हार्डवेअर परवाना विक्रीला मुभा देतो, पण त्याच्या अटी पाळाव्या लागतात. परवानगी लागत नसतानाही मूळ कर्त्याला किटमागे दहा-वीस रुपये द्यावेसे वाटले, तर ती रक्कम भागांच्या यादीतच एक ओळ म्हणून लिहावी, म्हणजे ती नंतर नफ्यातून काढताना हात आखडत नाही.

नववी पायरी: टपाल आणि कर

टपालखर्च किमतीत मिसळू नये. स्पीड पोस्टचे दर वजनाच्या टप्प्यांनुसार बदलतात आणि २५० ग्रॅमचा टप्पा लहान किटसाठी कळीचा आहे. माझे किट खोक्यासह २६५ ग्रॅम भरत होते. जाड खोक्याऐवजी बबल रॅपचे पाकीट वापरल्यावर ते २४० वर आले आणि प्रत्येक ग्राहकाचे पैसे वाचले. बॅटरी किटमध्ये घालू नये, कारण वजन वाढते आणि कपाटात पडून ती उतरते. पैसे यूपीआयने घेतले तर कपात होत नाही. पेमेंट गेटवे वापरल्यास साधारण २ टक्के आणि त्यावरील जीएसटी जातो, तो खर्चात धरावा.

जीएसटीची बाब मात्र डोळ्यांआड करता येत नाही. महाराष्ट्रात केवळ वस्तूंची विक्री करणाऱ्याला वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या आत असेपर्यंत नोंदणीची सक्ती नाही, पण ही सूट राज्यातल्या राज्यात विक्री करणाऱ्यासाठी आहे. करपात्र वस्तू राज्याबाहेर विकायची असेल तर उलाढाल कितीही लहान असली तरी नोंदणी लागते. बेळगाव, हैदराबाद किंवा बेंगळुरूच्या मित्राला विकलेले एक किटही त्यात येते. आपण नफा घेत नाही, हे उत्तर इथे उपयोगी पडत नाही, कारण कायद्यातील व्यवसायाच्या व्याख्येला नफ्याची अट नाही. नोंदणी करायची वेळ येणार असेल तर तिचा परिणाम आधीच मोजावा. १८ टक्के दर धरला तर ४८० रुपयांत करासह विकलेल्या किटमागे तुमच्या हाती सुमारे ४०७ रुपयेच राहतात. खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळते, पण पक्क्या पावत्या असतील तरच, आणि गल्लीतून रोखीने आणलेल्या भागांच्या पावत्या नसतात. कर-सल्लागाराला एकदा भेटून हे ठरवावे आणि त्याची फीसुद्धा बॅचच्या खर्चात लिहावी.

दहावी पायरी: किंमत जाहीर करणे

किंमत सांगताना खुलाशाचा पाढा वाचू नये. खर्चाची पूर्ण फोड गटात टाकली की प्रत्येक ओळीवर सल्ले येतात, स्पीकर अमुक ठिकाणी २८ ला मिळतो, पॉट तमुक ठिकाणी १५ ला मिळतो. कोणी वेगळे विचारले तर वही दाखवावी, आपणहून मांडून बसू नये. अनेकांनी मिळून एकत्र खरेदी केली असेल तर मात्र वही सर्वांची असते. तिथे पूर्ण हिशेब आणि उरलेला माल दोन्ही वाटून द्यावे लागतात. या दोन प्रकारांची सरमिसळ झाली की गैरसमज हमखास होतात.

जाहीर करताना मी साधारण असे लिहितो: ‘मोर्स सराव ऑसिलेटर किट, आवृत्ती २. किंमत ४८० रुपये, टपालखर्च वेगळा. ऑसिलेटर बसवायचे खोके, बॅटरी आणि मोर्स की समाविष्ट नाही. सोल्डरिंगचा थोडा सराव असल्यास दीड तासात बांधून होते. सदोष किंवा कमी निघालेला भाग तीस दिवसांत विनामूल्य पाठवला जाईल. ही किंमत या बॅचमधील पन्नास किटपुरती आहे.’ यातले शेवटचे वाक्य विसरू नये, कारण पुढच्या वेळी पीसीबीचा भाव चढला आणि किंमत ५१० करावी लागली, तर कोणालाही काही समजावून सांगावे लागत नाही.